रविवारची रात्र

सांगली, 19 जानेवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. "बाबा, मी लहान नाही" म्हणून तू फोन ठेवलास, तेही बरोबरच. पण अंगात ताप, त्यात रविवार, तिकडे जर्मनीत सगळी दुकानं बंद, आणि तू नुसतं पाणी पिऊन झोपलीस म्हणालीस. मला दुसरं काही सुचेना. चिडलो नव्हतो गं, घाबरलो होतो.

जेवणाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलो. पण तुझं कपाट मी पाहिलंय. ऑक्टोबरात आखेनहून निघताना खालच्या फळीवर टोमॅटोचे चार आणि छोल्यांचे चार डबे मीच रचून ठेवले होते. ते संपले नसणार. तुझ्या इटालियन मैत्रिणीने आपल्याला करून घातला तो पास्ता याच दोन डब्यांचा, 'पास्ता ए चेची'. चेची म्हणजे आपले काबुली चणेच. मी तिच्या शेजारी उभा राहून सगळं बघितलं होतं. इथे आल्यावर तीनदा केला, आईने दोनदा मागून घेतला.

पातेलं एकच लागतं. दोन चमचे ऑलिव्ह तेलात लसणाच्या चार पाकळ्या ठेचून मंद आचेवर टाक, करपल्या तर कडू होतात. एक सुकी मिरची मोडून घाल. मग टोमॅटोचा अर्धा डबा, हाताने कुस्करून. छोले चाळणीत धुऊन घे. 400 ग्रॅमच्या डब्यातून पाणी गेल्यावर 240 ग्रॅमच्या आसपास निघतात. त्यातले निम्मे पळीने दाबून मोड, रस्सा त्यानेच दाटतो. अडीच-तीन ग्लास पाणी घाल आणि उकळी आली की 100 ग्रॅम छोटा पास्ता त्यातच सोड. वेगळा उकडून पाणी ओतून द्यायचं नाही, त्या पिठूळ पाण्यातच चव आहे. तळाला लागतो, म्हणून ढवळत राहा. दहा-बारा मिनिटांत होतो. मीठ शेवटी, चव बघून, कारण डब्यातल्या छोल्यांत बहुतेक ते असतंच. दोन वेळचं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशीही उपाशी राहायचं कारण नाही. उरलेला टोमॅटो पत्र्याच्या डब्यात ठेवू नकोस, बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेव. आणि डबा फुगलेला दिसला तर उघडूसुद्धा नकोस, सरळ टाकून दे. त्यातलं विष वासाने कळत नाही.

बघ, पुन्हा मास्तरकी सुरू झाली. माफ कर.

1987 ला मी सदाशिव पेठेत राहायचो. खाणावळीत रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी. महिनाअखेरीला खिशात काही नसायचं. मूठभर शेंगदाणे, तेही नसले तर तांब्याभर पाणी, आणि झोप. शेजारच्या बिऱ्हाडातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, त्या मी मोजत पडायचो. माईला पत्रात मात्र लिहायचो, जेवण उत्तम आहे. पुढे 91 ला काय झालं ते आत्याला विचार. माईला ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

म्हणून तू "ठीक आहे बाबा" म्हणतेस ना, तेव्हा मला ती पत्रं आठवतात.

त्या सुपरमार्केटात तू काउंटरवरच्या बाईशी घडाघडा जर्मन बोलत होतीस, मी मागे ढकलगाडी धरून उभा होतो. आईकडे पाहिलं तर तिचे डोळे भरलेले. आपल्या घरातलं कुणी इतकं लांब, इतकं एकटं गेलं नव्हतं. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि रात्री झोप लागत नाही. दोन्ही खरं आहे.

थिसिसचं तू बघशीलच, त्यात मला कळत नाही. पण उपाशी झोपू नकोस.

तुझ्याकडे आठ वाजतात तेव्हा इथे साडेबारा झालेले असतात. रविवारी मी जागा असेन. फोन नको वाटला तर पातेल्याचा फोटो टाक.

तुझा,
बाबा

ता. क. छोले किती डबे उरलेत ते मोजून कळव.