फॅशन डिझाइनच्या मुलांच्या हाती कापड द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत २२ वर्षं मी लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागल्यापासून फॅशन डिझाइनच्या मुली माझ्याकडे शिकायला येतात. हुशार आहेत, कष्टाळूही. स्केच असं काढतात की बघत राहावं. पण कात्री हातात दिली की बावरतात.

गेल्या वर्षी एकीने उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरका कापलेल्या) घेराचा सुरेख गाऊन बेतला. मापं बरोबर, शिलाई सरळ. शिवून होताच तिने हेमिंगही, म्हणजे खालचा काठ दुमडून शिवणंही, उरकलं. सकाळी पाहतो तर घेर दोन ठिकाणी दोन-दोन बोटं खाली उतरलेला! उरेब कापड स्वतःच्या वजनाने ओघळतं, म्हणून कपडा रात्रभर टांगायचा आणि मगच खालचा काठ सारखा करायचा. हे तिला तीन वर्षांत कुणी करून दाखवलं नव्हतं. ‘उरेब म्हणजे ४५ अंश’ ही व्याख्या मात्र तोंडपाठ. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक तिची नव्हती.

कॉलेजात आधी टिपणं, मग फाईल, फायलीत चिकटवलेले वीतभर नमुने आणि त्यांनाच गुण. ‘नमुने शिवून द्याल का?’ म्हणून माझ्याकडेच विचारणा होते, यावरून काय ते समजा. वीतभर कापडावर मुंढा (बाही जोडायची जागा) बसवायला येत नाही, टक्स (फिटिंगसाठी घातलेली चिमटी) कुठे संपवायचा ते कळत नाही. त्यासाठी मांजरपाटात, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडात, पूर्ण कपडा शिवावा लागतो, अंगावर चढवून बघावा लागतो, उसवावा लागतो. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी १९२०च्या दशकात उरेब काप गाजवला, तोही छोट्या लाकडी बाहुलीवर कापड टाकून, बेतून.

संगणकावर पॅटर्न जरूर शिकवा, कारखान्यात त्यावाचून चालत नाही. पण क्रेप आणि खादीतला फरक बोटांना ठाऊक नसेल, तर पडद्यावर चुकलेला झोळ ओळखणार कसा?

विद्यापीठांना विनंती आहे, फाईलचे गुण कमी करून ते फिटिंगला द्या. प्रत्येक सत्रात निदान एक कपडा खऱ्या माणसाच्या मापाचा असावा आणि पहिल्या ट्रायलपासूनच्या दुरुस्त्या परीक्षकांसमोर व्हाव्यात. आणि पदवी नाही म्हणून कटिंग मास्तरांना वर्गाबाहेर ठेवू नका. आठवड्यातून एक दुपार मी स्वतः यायला तयार आहे.

– एक लेडीज टेलर, सांगली