हार्ड डिस्क घेताना कंपनीचं नाव नको, मॉडेल नंबर विचारा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आंब्याचा सीझन संपून हातात चार पैसे आले की आमच्या देवगडकडे घराची डागडुजी, मुलांच्या फिया आणि त्यातून उरलं तर कॉम्प्युटरला नवीन हार्ड डिस्क अशी खरेदी होते, आणि मग मला फोन सुरू होतात, 'सीगेट घेव काय डब्ल्यूडी?' पेपरात मोबाईल आणि टीव्हीवर सारखं लिहून येतं पण डिस्कवर कोणी लिहीत नाही, आणि घरातले फोटो, बागेचा हिशोब, सातबाऱ्याचे स्कॅन सगळं त्यातच असतं. म्हणून हे पत्र. जमलं तर पावसाच्या आत छापा.

कंपनीवरून लोक अगदी हमरीतुमरीवर येतात. पण फिरत्या तबकडीच्या डिस्क बनवणाऱ्या जगात आता तीनच कंपन्या उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल (म्हणजेच डब्ल्यूडी) आणि तोशिबा, बाकीच्या यांनीच विकत घेतल्या किंवा बंद पडल्या. बॅकब्लेझ म्हणून एक अमेरिकन कंपनी आहे ती आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बिघडल्या त्याचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करते, गेल्या काही वर्षांत ते वर्षाला साधारण दीड टक्क्याच्या आसपास असतात, आणि त्यात स्पष्ट दिसतं की एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं चालतं आणि दुसरं रडवतं. सीगेटचं ३ टीबीचं एक जुनं मॉडेल खरंच वाईट निघालं होतं, त्यावरून आज सगळ्या सीगेटना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

खरा फरक डिस्कच्या आत आहे आणि तो खोक्यावर बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. डिस्क दोन प्रकारच्या, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाच्या रेघा शेजारी शेजारी सुट्या असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त माल मावतो पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते ना, तसंच इथे थोडासा बदल करायला डिस्क आजूबाजूचा बराच भाग परत लिहीत बसते. एकदा भरून ठेवायला एसएमआर चालते, पण तिच्यावर विंडोज टाकलं किंवा व्हिडिओ एडिटिंग केलं की कॉम्प्युटर रखडतो आणि माणूस व्हायरस शोधत बसतो. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की डब्ल्यूडीने रेड नावाच्या काही डिस्क न सांगता एसएमआर करून विकल्या होत्या, मग सीगेट आणि तोशिबाच्याही काही मॉडेल्सचं तेच निघालं, आणि ओरड झाल्यावर याद्या जाहीर झाल्या. गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे मोजायचे आणि वस्तू कोणती ते त्याला सांगायचंही नाही, हे मला अजिबात पटत नाही.

दुसरा प्रकार याहून वाईट, जुना माल नवा म्हणून खपवणं. आमच्या शेजाऱ्यांनी जिल्ह्यातल्याच एका दुकानातून 'नवीन' डिस्क आणली, चकचकीत पाकीट, स्टिकर सगळं होतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून बघितलं तर पॉवर ऑन अवर्सच्या, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालू होती त्याच्या, पुढे वीस हजारांवर आकडा, म्हणजे ती डिस्क कुठेतरी सव्वादोन वर्षं रात्रंदिवस फिरून आलेली. नव्या डिस्कला हा आकडा शून्य नाहीतर अगदी किरकोळ हवा. आणि या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका, २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या एक्झॉस नावाच्या वापरलेल्या डिस्क आकडे पुसून नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं. म्हणून दुकानातूनच सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघायचं. (१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ती फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.)

आता आपल्याकडचा पाऊस. लाईट दिवसातून कितीदा जाईल सांगता येत नाही, डिस्क तेवढ्यात आपली लिहिण्या-वाचण्याची सुई बाजूला नेऊन ठेवते पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल जाते, कधी कधी विंडोजच उठत नाही. यूपीएस हवाच, निदान इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तो तरी चालू ठेवा. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यावर स्टिकर चिकटवू नका, आणि कपाटात ठेवायची डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आपल्या दमट खाऱ्या हवेत कनेक्टर लवकर गंजतात.

मी विचारणाऱ्यांना हेच सांगतो की सगळे पैसे एका मोठ्या डिस्कमध्ये घालू नका. विंडोजसाठी लहान एसएसडी (तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) घ्या, साटा या नेहमीच्या केबलने जोडायची साधी सुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या पुढे जाते, तबकडीवाली दीडशे-दोनशेच्या आसपास. फोटो-कागदांसाठी मात्र तबकडीवाल्या दोन घ्या, एक पीसीत आणि एक बाहेरची. एसएसडी वर्षानुवर्षं बिनलाईटची कपाटात पडून राहिली तर डेटाची खात्री नाही, त्यामुळे जपून ठेवायला ती नको. बाहेरची डिस्क त्याच घरात ठेवून भागत नाही, २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी घरांत शिरलं तेव्हा काय काय गेलं ते आपण बघितलंय. गणपती झाल्यावर चाकरमानी मुंबईला परततात त्यांच्याबरोबर ती पाठवा आणि मे महिन्यात परत मागवून नवीन फोटो भरा.

दुकानदारांनी बिलावर नुसतं '१ टीबी एचडीडी' न लिहिता पूर्ण मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि सीएमआर की एसएमआर एवढं लिहून द्यावं, आणि गिऱ्हाइकाने ते लिहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपला,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग