ग्राइंडरचं कव्हर

कोल्हापूर
सोमवार, रात्री साडेदहा

चि. सुमेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल मी फोन आपटला. आताच्या फोनला आपटता येत नाही, लाल गोलावर बोट टेकवावं लागतं, पण मनातून आपटलाच. नंतर आई म्हणाली, "पोरगी चौरंग दाखवत होती आणि तुम्ही तिच्या पायाशी काय पडलंय तेच बघत बसलात." खरं आहे ते. म्हणून लिहायला बसलोय. ग्राइंडरबद्दल एक अक्षर काढायचं नाही, असं ठरवून बसलोय.

आधी चौरंग. फोटो मोठा करकरून पाहिला. मंगळवार पेठेतल्या दाराची चौकट चार वर्षं संद्याच्या गच्चीवर पडून होती. तिला करवत लावायची माझी छाती झाली नाही. तू लावलीस. सागवानाचा आतला रंग इतक्या वर्षांनी तसाच निघाला, तो बघून मी उठून पाणी पिऊन आलो. आबा असते तर काही बोलले नसते, फक्त अंगठा फिरवून बघितला असता. तीन पायांच्या कुसा खाचेत अशा बसल्यात की नख जाणार नाही. चौथ्या पायात भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरलंयस, आणि फोटो काढताना तो पाय भिंतीकडे केलायस. पॅटर्नशॉपमध्ये, म्हणजे बिडाच्या ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात, चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला भिंतीकडे केलेला पायच आधी दिसतो, काय करणार? असू दे. माझ्या पहिल्या पॅटर्नच्या फटींत मी इतकं मेण भरलं होतं की मिस्त्री म्हणाले, यंदा दिवाळीला मेणबत्त्या नकोत.

फक्त वरची फळी चारी बाजूंनी डिंकानं चिकटवली असशील तर पावसाळ्याच्या आत सोडव. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, आणि त्याला जागा दिली नाहीस तर ते स्वतःच जागा करून घेतं, म्हणजे उभं चिरतं. खालून स्क्रूनं धर, आणि स्क्रूचं भोक रुंदीच्या दिशेनं लांबट ठेव. मधला एक स्क्रू घट्ट, बाकीचे सरकते.

आणि त्या चौकटीत खिळे आहेत. बिजागऱ्यांचे काढलेस ते सोड, आत मोडून राहिलेले. आबांच्या वेळी खिळा मोडला की त्यावरच दुसरा ठोकायचे. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरव, जिथं ओढलं जाईल तिथं खडूनं खूण कर. नाहीतर एवढासा खिळा त्या ग्राइंडरच्या पात्याला लागला तर...

बघ, आलोच तिथं. आता आलोय तर एकदाच सांगतो आणि सोडतो. चार इंची ग्राइंडरला पाच इंची लाकडाचं पातं, आत रिंग टाकून. ते कव्हरमध्ये मावत नाही म्हणून कव्हर काढलेलं. हातात सुती मोजे. तुला वाटतं अण्णांना फोटोत काय कळणार! सकाळी कॅलेंडरच्या मागे हिशेब केला. हे ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. पाच इंची पात्याची कड म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर पळते. तुझी गाडी एक्स्प्रेसवेवर शंभरला जाते तेव्हा आई मागे बसून रामरक्षा म्हणते. ग्राइंडर घासायला केलेलं आहे, त्याची चकती धातूला घासत पुढे जाते. दात असलेलं पातं लाकडात अडकलं की ते लाकूड सोडत नाही, मशीनच तुझ्याकडे उलटं फेकतं. आणि मोजा! फिरणाऱ्या मशीनवर मोजा घालायचा नसतो. त्याचा एक धागा गुंतला तरी अख्खा हात ओढला जातो. हे आम्हाला आयटीआयत पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

सोडलं. खरंच सोडलं. तू बत्तीस वर्षांची आहेस, आठ जणांची टीम सांभाळतेस, आणि मी तुला मोज्यांवरून बोलतोय. रागावू नको.

तुमच्या रविवारच्या मंडळींबद्दल मी जे बोललो तेही मागे घेतो. "पोट भरलेल्यांचे खेळ" हा शब्द चुकला. तू फोन ठेवल्यावर (मी ठेवल्यावर) आईनं मला परत सगळं नीट सांगितलं. त्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये टेबल मांडायचं, प्रत्येकानं महिनाभरात हातानं केलेली एक वस्तू आणायची आणि आपलं सगळ्यात लाडकं हत्यार आणायचं. ते दातांचे डॉक्टर लेथवर वाडगे कातून आणतात. तो कॉलेजचा मुलगा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून सुऱ्या करतो. ते पाट्याचं पोलाद चांगलं असतं, पण पाणी देताना, म्हणजे तापवून बुडवताना, त्याला म्हणावं तेलात दे, पाण्यात नको, तडकेल. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई बुकबाइंडिंग करतात, त्यांचं लाडकं हत्यार म्हणजे हाडाची घडीपट्टी, हे ऐकून मला बरं वाटलं. पाबळच्या विज्ञान आश्रमातल्या फॅब लॅबमध्ये जाऊन तू लेसरवर अक्षरं कापून आणलीस, तेही आईनंच सांगितलं. तिथे कलबाग सरांनी शाळा सोडलेल्या पोरांच्या हातात हत्यारं दिली, तेव्हा आमच्या शॉपमध्ये त्याचं कौतुक व्हायचं. मला हे सगळं तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मीच ऐकलं नाही.

खरं सांगू, थोडा हेवा आहे. आम्ही पॅटर्न करायचो. दोन-दोन आठवडे शिवण नाहीतर सागवान घासून पंपाची बॉडी करायची, उभ्या बाजूंना अंश-दीड अंश उतार द्यायचा, लाखेचं पॉलिश करायचं, आणि मग ते वाळूत पुरायचं. मोल्डर त्याला ठोकून हलवून बाहेर काढणार, त्या पोकळीत बीड ओतणार. लोकांना दिसतो तो पंप. लाकूड रॅकवर जातं, मग भट्टीत. शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत किती शेतांवर माझ्या हातचे आकार पाणी ओढत असतील, पण टेबलावर ठेवून "हे मी केलं" म्हणायला माझ्याकडे एक वस्तू नाही. तुझा चौरंग आहे. चौथ्या पायासकट.

तू मला विचारलं होतंस, अण्णा, तुमचं लाडकं हत्यार कुठलं? तेव्हा मी ग्राइंडरवर घसरलो, उत्तर दिलंच नाही. आबांचा शिसवीचा रंधा म्हणावा, तर तो आबांचा. गोल पटाशी म्हणावी, तर ती तुला आधीच दिली. (तिची धार काचपेपरवर लावतेस का? तेलाच्या दगडावर लाव, आतून गोल दगड फिरव.) मग काल रात्री ट्रंक उघडली आणि श्रिंकेजची पट्टी सापडली.

आठवते? तू आठवीत, विज्ञान प्रदर्शनासाठी काचेच्या झाकणाची पेटी करत होतीस, मी सेकंड शिफ्टला. तू माझ्या पेटीतून स्टीलची पट्टी घेतलीस आणि बारा इंच मोजून खाचा पाडल्यास. काच दुकानातून बरोबर बारा इंच कापून आणलीस. बसवली तर एका बाजूनं निसटून बाहेर. मी रात्री साडेबाराला आलो तेव्हा तू पेटीजवळच झोपली होतीस, गालावर भुसा चिकटलेला. ती बिडाच्या ओतकामाची पट्टी होती. बीड थंड होताना शेकडा एक आकसतं, म्हणून त्या पट्टीवरचा फूट साध्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा असतो. तुझं मोजणं चुकलं नव्हतं, पट्टीच वेगळ्या कामाची होती. दुसऱ्या दिवशी आपण काचेखाली आगपेटीची काडी घातली आणि तुझा दुसरा नंबर आला. पहिला कुणाचा आला ते तू अजून विसरली नाहीस.

तर ती पट्टी पाठवतोय. टेबलावर ठेव आणि त्या सुऱ्यावाल्या मुलाला मोजायला दे. गंमत बघ.

तिथे कुणी परदेशी क्लॅम्पची फुशारकी मारली तर म्हणावं, आमच्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरी घडवला. तेही मूळचे मिस्त्रीच. आनंदराव पेंटरांबरोबर सुरू केला, १९१६ साली आनंदराव गेले, तरी सोडला नाही, विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून पुरा केला. हे मी तुला लहानपणी शंभरदा सांगितलंय, आता एकशे एक.

एक गोष्ट मात्र एकदाही सांगितलेली नाही. आईला माहीत आहे.

माझं डाव्या हाताचं मधलं बोट. रस्ता ओलांडताना तू तेच धरायचीस, मुठीत पुरं मावायचं म्हणून. तुला सांगितलं होतं, मशीननं घेतलं. १९९१ चा ऑगस्ट, तू पोटात होतीस. सरफेस प्लेनरवर, म्हणजे लाकूड रंधून सपाट करणाऱ्या मशीनवर, वीतभर लांबीचा एक तुकडा मारायचा होता. एवढा आखूड तुकडा त्या मशीनवर मारायचाच नसतो, निदान ढकलायला काठी तरी घ्यायची. कव्हरमुळे कड दिसत नव्हती म्हणून मी ते काढून बाजूला ठेवलं. दोन मिनिटांचं काम होतं. मला दुखलं नाही, आधी फक्त आवाज बदलला.

हॉस्पिटलात विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, कव्हर आधीपासूनच ढिलं होतं, गळून पडलं. मशीनची देखभाल करणारा एक हेल्पर होता, एकोणीस वर्षांचा असेल. त्याला आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं. मला कळलं तेव्हा माझा हात बँडेजमध्ये होता, तोंड नव्हतं. तरी बोललो नाही. पुढे तो दुसरीकडे लागला. एकदा रंकाळ्यावर भेटला, बायको-पोरांबरोबर. माझ्या हाताकडे बघून म्हणाला, आता थंडीत दुखतं का हो?

काल तुझ्या पायाशी ते कव्हर नसलेलं ग्राइंडर दिसलं आणि तुझ्या अंगठ्यावरची पट्टी दिसली. ती पटाशीची जखम आहे म्हणालीस. असेलही. मी तुझ्यावर ओरडलो खरा, पण सगळं तुझ्यावर नव्हतं.

करवत हळू चालते. चालू दे. नाहीतर दुपारच्या वेळात त्या टिंबर मार्केटमधल्या मिलवर नेऊन उभ्या फळ्या चिरून आण, पन्नास-शंभर रुपये मी देतो. हे लिहिताना कळतंय की तू हसणार.

शनिवारी सकाळच्या गाडीनं संद्या येतोय. त्याच्याबरोबर पट्टी, तेलाचा दगड आणि आईनं केलेली तिखटाची डबी आहे. पुढच्या महिन्याच्या रविवारी मी येऊ का? तुझ्या मंडळींत म्हातारा चालतो का ते विचार. पॅटर्न नाही आणता येणार, पण एक जुना कोअर बॉक्स आहे, ओतकामातल्या आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा पाडायचा लाकडी साचा, अर्धा वाळवीनं खाल्लेला.

चौथ्या पायाची कूस नवी करायची असेल तर आत्ता हात लावू नको, मी आल्यावर बघू.

आणि कव्हर त्याच्या मूळ खोक्यात असेल, टाकलं नसशील. त्याच्या पट्ट्याचा स्क्रू हरवला असेल तर जाडी-लांबी मोजून कळव, उद्यमनगरातून आणून संद्याजवळ देतो. मात्र साध्या पट्टीनं मोज. बसवल्यावर फोटो पाठव. चौरंगाचा नको, ग्राइंडरचा.

तुझे,
अण्णा