स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी): बर्फ पडायच्या आत एवढं बघून घ्या

मिनेसोटातल्या सर्व सभासदांना नमस्कार. इंजिनाची ताकद पुढे पोचवणाऱ्या ड्राइव्ह बेल्टच्या कडा उसवल्या असतील किंवा दाते तडकले असतील, तर तो आत्ताच बदला. जास्तीचा बेल्ट गाडीत असूच द्या. जमत नसेल तर ग्रुपवर सांगा, कुणीतरी येऊन बसवून देईल. गाडीचा फिरता पट्टा ज्यांवरून सरकतो, त्या रेल्सखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या बर्फानेच थंड राहतात. म्हणून उघड्या डांबरावर गाडी दामटू नका.

दुसऱ्या कंपनीचा सायलेन्सर बसवला म्हणून अख्खी वॉरंटी जात नाही. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बिघाड त्या भागामुळेच झाला, हे कंपनीला दाखवावं लागतं. डीलर नाही म्हणाला तर कारण लेखी मागा, गप्प बसू नका. इंजिनाचं ट्यूनिंग बदलून पिस्टन जळाला, तर मात्र दावा टिकणं अवघड. सगळ्या पावत्या जपून ठेवा.