जनुक कशावर बसले आहे, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जिवाणूंना औषधांची सवय झाली’ असे मथळे वारंवार दिसतात. ‘सवय’ हा शब्द इथे दिशाभूल करतो. गुणसूत्रातल्या डीएनएचे एखादे अक्षर बदलून आलेला प्रतिरोध (औषधाला दाद न देण्याची क्षमता) सहसा त्या जिवाणूच्या वंशजांपुरता राहतो. तोच प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या, सहसा वर्तुळाकार डीएनएवर असेल, तर शेजारच्या दुसऱ्या प्रजातीतही जाऊ शकतो. २०१५ साली चीनमधून एमसीआर-१ जनुकाची नोंद झाली, तेव्हा खळबळ उडाली ती यामुळेच. हे जनुक कोलिस्टिन या, शेवटचा पर्याय म्हणून राखलेल्या प्रतिजैविकाला प्रतिरोध देते. कोलिस्टिनला न जुमानणारे जिवाणू आधीही होते. ते जनुक प्लाझ्मिडवर सापडणे नवे होते.

रोग घडवण्याची क्षमताही अनेकदा अशीच बाहेरून येते. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) विषाचे जनुक सीटीएक्स या जिवाणूभक्षी (जिवाणूंना लागण करणाऱ्या) विषाणूवर असते, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. हा विषाणू ज्या केसासारख्या तंतूला धरून आत शिरतो, तोच तंतू जिवाणूला आतड्यात ठाण मांडायला लागतो! २०११ मध्ये जर्मनीत साथ पसरवणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूनेही शिगा विष (आतड्याला आणि मूत्रपिंडाला इजा करणारे विष) अशाच विषाणूकडून मिळवले होते. डीएनएला इजा करणारी काही प्रतिजैविके जिवाणूच्या डीएनएत दडलेला असा सुप्त विषाणू जागा करतात आणि विष वाढते. म्हणून शिगा विषाच्या संशयात, विशेषतः रक्ती जुलाब असताना, प्रतिजैविक देण्याची घाई नको.

‘जनुक सापडले’ एवढ्यावर बातमी संपू नये. ते कशावर आहे, हे प्रयोगशाळेला विचारावे. डीएनएचे सुमारे १५० अक्षरांच्या तुकड्यांत केलेले वाचन इथे बऱ्याचदा अपुरे पडते. डांग्या खोकल्याच्या जिवाणूत आयएस४८१ हा सुमारे हजार अक्षरांचा उडता तुकडा दोनशेहून अधिक ठिकाणी असतो. छोटा तुकडा यांपैकी कुठल्या ठिकाणचा हे कळत नाही, म्हणून अशा जागी वाचलेल्या तुकड्यांची जोडणी तुटते. तिथे हजारो अक्षरे सलग वाचणारी पद्धतच हवी.

जनुकाचे स्थलांतर प्रत्यक्ष पाहायचे, तर दाता (जनुक देणारा) आणि ग्राही (घेणारा) जिवाणू एकत्र करून आगरवरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीवरच्या) गाळणकागदावर रात्रभर ठेवतात, मग दोन औषधांच्या थाळीवर पसरवतात. एक औषध दात्याला मारणारे, दुसरे ग्राहीला; दोन्हींतून वाचतो तो जनुक मिळालेला ग्राही. निव्वळ दात्याची आणि निव्वळ ग्राहीची थाळी सोबत हवीच. नाहीतर आपोआप बदललेले जिवाणूही स्थलांतरित म्हणून मोजले जातात. आणखी एक चूक तापमानाची. विषमज्वराच्या जिवाणूतले आयएनसी-एचआय१ गटाचे प्लाझ्मिड ३० अंशांखाली चांगले सरकतात, ३७ अंशांना जवळजवळ नाही. फक्त ३७ अंशांवर चाचणी करून ‘जनुक पसरत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो छापण्याआधी तापमान विचारा.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अभ्यासक