प्रत्येक शिवी हा तर्कदोष नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला तर्कदोषांवरचा लेख वाचला. लॅटिनची एवढी फोडणी घालायची, तर निदान ‘ॲड होमिनेम’ (मुद्दा सोडून माणसावर घसरणे) हे तीन-तीनदा ‘ॲड होमिनियम’ छापू नये. (शेजारी कॉन्डोमिनियमची जाहिरात होती, तिचा वाण लागला असेल.)

लेखकाच्या मते कुणी कुणाला मूर्ख म्हटले की झाला ॲड होमिनेम. अहो, नाही! ‘तुम्ही मूर्ख आहात आणि तुमची बेरीजही चुकली आहे, ही बघा’ यात उद्धटपणा आहे, तर्कदोष नाही. ‘मूर्खाची बेरीज काय तपासायची’ म्हटले, की तो दोष.

मला हे सभेत कळले. सप्टेंबरातल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत (नाव लिहीत नाही, राहायचे तिथेच आहे) मी टँकरच्या बिलांची फाइल घेऊन उभा राहिलो. मे महिन्याची बिले ३८ टँकरची, वॉचमनच्या वहीत नोंद २९. सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, “काका, तुमची स्कूटर दोन वर्षं जिन्याखाली लागते. नियमाचं तुम्ही नका बोलू.” सगळे हसले. तेवढ्यात वडा-चटणी आली आणि हिशेब मंजूर झाले. स्कूटर जिन्याखाली लागते, कबूल. गुडघे दुखतात. पण म्हणून नऊ टँकर मुरले कुठे?

याला लॅटिनमध्ये ‘तू क्वोक्वे’ म्हणतात, म्हणजे ‘तूसुद्धा’. त्यातला ‘तू’ तर आपल्या ‘तू’सारखाच. आपल्या लेखकांनी नेमका हाच प्रकार गाळला आहे. आणि लॅटिनपर्यंत तरी कशाला जायचे? तर्कशास्त्रावरच्या आपल्या प्राचीन ग्रंथात, गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, वादात हरण्याच्या २२ जागा, म्हणजे निग्रहस्थाने, सांगितली आहेत. त्यांतली एक ‘मतानुज्ञा’: स्वतःवरचा आरोप न खोडता ‘तो दोष तुमच्यातही आहे’ म्हणणे. म्हणजे आरोप मान्यच केला. गौतमांच्या हिशेबाने आमचे सेक्रेटरी वडा यायच्या आधीच हरले होते. इतिवृत्तात मात्र ‘सभा खेळीमेळीत पार पडली’ एवढेच आहे.

जाता जाता, शब्दकोड्याचे उत्तर सलग दोन रविवार छापलेले नाही. माझे आडवे १४ अजून अडले आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे