आमचं शहर रात्री आठला सुरू होतं : नगरविकास मंत्र्यांना डोंबिवलीतून खुलं पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

डोंबिवलीहून पत्र आलं म्हणजे त्यात खड्डे, पाणी नाहीतर लोकल असणार, असं आपल्या कार्यालयाने गृहीत धरलं असेल. त्या विषयांवर लिहिणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मी लिहिते आहे ती संध्याकाळबद्दल. खरं तर रात्रीबद्दल, कारण आमची संध्याकाळ रेल्वेच्या डब्यातच संपते.

आम्ही दोघंही नोकरी करतो. मी फोर्टात, नवरा अंधेरीला. मी फास्ट पकडून सीएसएमटी गाठते, तो घाटकोपरला उतरून मेट्रो धरतो. सकाळी आम्हाला डोंबिवली दिसते ती फक्त घर ते स्टेशन एवढी, आणि तीही धावताना. परत येतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. दहा-साडेदहाला दुकानांची शटरं खाली येतात. मधले दोन-अडीच तास हेच आमचं शहर. मालमत्ता कर पूर्ण भरतो, शहर वापरायला मिळतं ते एवढंच.

पण जेवढं मिळतं तेवढं झकास असतं, हे आधी सांगायला हवं.

दोघांपैकी जो आधी उतरेल तो पूर्वेला थांबतो. रिक्षाच्या रांगेत आम्ही उभे राहत नाही. रांगेत जातो तेवढ्या वेळात चालत बाजार होतो, हा एक भाग. दुसरा भाग असा की, दिवसभरात आम्हा दोघांना एकमेकांशी धड बोलायला मिळतं ते याच चालण्यात. ऑफिसातली भांडणं नेहरू रोडवर सांगून होतात, मुलाच्या शाळेचा विषय फडके रोडवर निघतो, आणि पैशांचा विषय गणपती मंदिरापाशी येईपर्यंत दोघंही टाळतो. मधे कोणी तरी ओळखीचं भेटतंच. पै फ्रेंड्स लायब्ररीसारख्या खासगी वाचनालयांनी या गावाला वाचायची सवय लावली आहे, त्यामुळे महिन्यातून एखादा फेरा पुस्तकं बदलायचाही असतो. शुक्रवारी पाणीपुरी. कधी फारच हुक्की आली तर ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यापर्यंत पायी, येताना मात्र रिक्षा.

आता भाजीचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण पत्राचं खरं कारण तेच आहे.

लोकलमध्ये बसून भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो आपण पाहिले असतील. ‘मुंबईच्या जिद्दीचं दर्शन’ वगैरे मथळे असतात त्यांना. मला ते फोटो बघवत नाहीत. दिवसभर काम करून थकलेली बाई घरच्या कामाला डब्यातच सुरुवात करते, यात कौतुक कसलं? आमच्या पिढीतल्या अनेकींची यातून सुटका झाली ती कुठल्या योजनेमुळे नव्हे, स्टेशनच्या आसपास बसणाऱ्या भाजीवाल्यांमुळे. निवडलेली मेथी, सोललेला लसूण, चिरलेली फरसबी, मोड आलेली मटकी, श्रावणात सोललेले वाल. पिशवी घ्यायची, घरी गेलं की थेट फोडणी. मेथीची जुडी निवडायला लागणारा वेळ दुपारी दुसऱ्या एका बाईने दिलेला असतो आणि आम्ही तो थोड्या पैशांत विकत घेतो. आमच्या फिरण्यातला निवांतपणा तिच्या हातचा आहे. पोळी-भाजी केंद्रांचंही तेच. ज्या दिवशी अंगात त्राण नसतं त्या दिवशी दहा पोळ्या आणि सुकी भाजी. संकष्टीला सांगून ठेवले तर मोदकसुद्धा. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला हे पटत नसे. आता त्याच फोन करून सांगतात, “येताना पोळ्या घेऊन ये गं, आज कणीक मळायचा कंटाळा आलाय.”

पावसाळ्याच्या तोंडावर कर्जत, कसारा, मुरबाडकडच्या बायका टोपल्या घेऊन येतात. शेवळं आणि त्याबरोबर काकडं, मग टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी. कशात काय घालायचं हेही त्याच सांगतात. हे सगळं मोबाइलवरून दहा मिनिटांत घरपोच मिळत नाही. मिळालं तरी शेवळाची खाज कशी घालवायची ते सामान आणून देणारा मुलगा सांगणार नाही.

आता अडचण. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 माणसं गेली. त्यानंतर त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत असा आदेश दिला. रोज गर्दीच्या पुलावरून उतरणाऱ्या बाईला या आदेशाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. पुलावर, जिन्यावर, फलाटाच्या तोंडाशी कोणी बसू नये याबद्दल माझं दुमत नाही.

पण त्या 150 मीटरच्या पुढे काय? तिथे काय चालतं ते राज्यातल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनबाहेर बघायला मिळतं. महापालिकेची गाडी येते, कोणी तरी हाळी देतं, चादरीची चार टोकं एकत्र होतात, बायका गाठोडी घेऊन गल्लीत पळतात. अर्ध्या तासाने सगळं पुन्हा होतं तसं. एखादीची टोपली जप्त झाली तर तिचा दिवस बुडतो आणि आपलीही मेथी जाते. या पळापळीने फूटपाथ मोकळा होतो का? नाही, कारण त्याच फूटपाथला लागून दुचाकींची रांग सकाळपासून उभी असते. तिला पळावं लागत नाही. मला इथे राग येतो, तो कोणा एका कर्मचाऱ्यावर नाही. आठ तास हँडललॉक करून ठेवलेली स्कूटर आपल्या नजरेला अडथळा वाटत नाही आणि तीन तास बसणारी बाई वाटते, या सवयीवर आहे. (आमच्याकडेही स्कूटर आहे. तीही कुठे तरी उभी असतेच.)

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे 2014 पासून कायद्यात लिहिलेलं आहे. पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे आधी सर्वेक्षण करायचं, विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं, विक्री क्षेत्रं ठरवायची, आणि हे सगळं नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने. त्या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं, असंही कायदा म्हणतो. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत कामाची तरतूद म्हणजे राज्याच्या योजनेत वेळ वाटून जागा वापरण्याची पद्धत ठरवता येते.

एकच जागा, वेळ वेगळी. सकाळी अकराला स्टेशनजवळचा जो रस्ता टेम्पोंना आणि मोटारींना लागतो, तो संध्याकाळी सहा ते साडेदहा भाजीवाल्यांना द्यायला काय हरकत आहे? एका बाजूचं पार्किंग सहाला बंद करायचं, जमिनीवर पट्टे आखायचे, क्रमांक द्यायचे, वर चांगले दिवे लावायचे आणि साडेदहाला कचरा उचलून रस्ता मोकळा करायचा. विक्रेत्या बायकांसाठी जवळ एक स्वच्छ, कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह हवंच. दुपारी तीनपासून बसलेली बाई पाणी का पीत नाही, हे बायकांना विचारावं लागत नाही. हे मी काही मोठं नियोजन सांगत नाही. रस्ता कुठल्या वेळी कोणाला जास्त लागतो, एवढंच आधी बघायचं.

आपल्या खात्याने 2020 च्या अखेरीस राज्यासाठी एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली काढली. किती क्षेत्रफळाच्या सदनिकेमागे किती मोटारी आणि किती दुचाकी उभ्या करायला जागा हवी, याचा तक्ता तीत आहे. तो असायलाच हवा. पण ज्या बारकाईने वाहनाचा हिशेब मांडला, त्याच बारकाईने स्टेशनहून घरी चालत येणाऱ्या माणसाचा आणि त्याला भाजी विकणाऱ्या बाईचा हिशेब मांडलेला मला कुठेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट बागेची.

आमच्या घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासू-सासरे असे पाच जण राहतो. घर लहान आहे. सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं. त्यामुळे नवराबायकोला भांडायचं असेल किंवा नुसतं गप्प बसायचं असेल तर जागा लागते. त्या जागेला इतर घरांत बेडरूमचा दरवाजा म्हणतात, आमच्याकडे बागेतला बाक. पण राज्यातल्या कितीतरी शहरांत सार्वजनिक बागा रात्री आठ-नऊला बंद होतात, दुपारी तर होतातच. म्हणजे आम्ही गाडीतून उतरतो तेव्हा तिथे कुलूप लावायची वेळ झालेली असते. रविवारी जाऊन बसावं, तर बाकावर जोडपं दिसलं की राखणदाराची शिट्टी जरा जोरात वाजते. गळ्यात मंगळसूत्र दिसलं की हळू होते. दोन्ही गैर आहे, असं माझं मत आहे.

याच राज्याने 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे सगळे दिवस दुकानं उघडी ठेवायची मुभा दिली. तेव्हा शहरं रात्रीही जागी राहतील, रोजगार वाढेल असं बोललं गेलं. चांगलं झालं. पण मग शहर रात्री जागं ठेवायचं ते फक्त खरेदीपुरतंच का? मध्यरात्री शर्ट विकत घेता येईल, पण साडेनऊला फुकट बाकावर बसता येणार नाही, हा काय न्याय? दिवे आहेत, राखणदार आहे, भिंत आहे, फाटक आहे. फक्त वेळ बदलायची आहे. दुसऱ्या पाळीच्या राखणदाराचा पगार लागेल, हे मान्य. सुरक्षिततेचं म्हणाल तर आठला ओस पडणारी बाग मला जास्त भीतीदायक वाटते. माणसं बसलेली असली की बाईमाणूस निर्धास्त असतं.

कार्यालयांच्या खिडक्यांचं एका परिच्छेदात उरकते. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. कर्मचाऱ्यांनाही घरदार आहे, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण ऑनलाइन अर्ज करूनही शेवटी मूळ कागद घेऊन समक्ष या, असं जिथे होतं, तिथे दोघांपैकी एकाची रजा ठरलेली. नागरी सुविधा केंद्राची एक खिडकी आठवड्यातून एक दिवस रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी, आणि त्या दिवशी त्या कर्मचाऱ्याने उशिरा यावं. बस.

एक शेवटचं मागणं आहे आणि ते थोडं चैनीचं आहे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोड कसा फुलतो, ते आपण ऐकून असालच. गाड्या बंद, रस्ताभर नवे कपडे घातलेली पोरं, मंदिरात जाऊन आलेले आजी-आजोबा, चाळीस वर्षांनी भेटलेले वर्गमित्र. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुढीपाडव्याची स्वागतयात्रा याच गावात सुरू झाली आणि मग गावोगावी गेली. 2017 चं नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच झालं. म्हणजे रस्ता माणसांच्या हवाली केला की तो कसा वापरायचा, हे या गावाला शिकवावं लागत नाही. पुण्यात 11 डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवला जातो, तिथेही लोक रमतात. मग महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी सात ते दहा, प्रत्येक महापालिकेने एक रस्ता असा मोकळा करावा, असं आपल्या खात्याने सांगितलं तर? उत्सव नको, मंडप नको, भाषण तर नकोच. ढोल-ताशा पथकालाही त्या दिवशी सुटी. नुसतं चालायचं. ज्यांना सणाच्या दिवशीही ड्यूटी असते, त्यांनाही वर्षातून दहा-बारा वेळा आपला रस्ता भेटेल.

हे सगळं महापालिकांच्या अखत्यारीत येतं, आमच्याकडे कशाला लिहिता, असं उत्तर येऊ शकतं. म्हणून आधीच लिहिते. पथविक्रेत्यांची योजना राज्याने अधिसूचित करायची असते. तीत वेळवाटपाची पद्धत स्पष्ट लिहिणं आपल्या हातात आहे. बागांच्या वेळांबद्दल सर्व महापालिकांना एक परिपत्रक काढणंही आपल्याच हातात आहे. आणि आमच्या शहरात नोव्हेंबर 2020 नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्या काळात आमच्यासारख्यांनी लिहायचं तरी कोणाला होतं?

कळावे, लोभ असावा.

आपली,
डोंबिवली पूर्वेची एक नोकरदार रहिवासी

ता. क. – नवऱ्याने पत्र वाचलं. त्याचं म्हणणं, एवढं सगळं एकदम मागितलं तर फाइल कुठल्या टेबलावर जाईल सांगता येत नाही, एकच माग. भाजीवाल्यांच्या जागेला समिती लागते, सर्वेक्षण लागतं, वेळ लागणार. बागेच्या फाटकावरची पाटी मात्र उद्या बदलता येते. तेव्हा क्रम लावायचाच झाला तर बाग आधी, रात्री साडेदहापर्यंत.